राज्यघटनांची तुलना करताना या चुका टाळा

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका अभ्यासिकेत मी रविवारी मुलांची राज्यशास्त्राची उत्तरं तपासते. परवा एकाने वही पुढे केली. प्रश्न होता भारत आणि अमेरिकेच्या राज्यघटनांच्या तुलनेचा. त्याने पट्टीने आखून सुबक तक्ता केला होता: मूलभूत हक्क अमेरिकेकडून, मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडकडून, समवर्ती सूची ऑस्ट्रेलियाकडून. "मॅडम, यात चुकलंय काय?"

नोंदी सगळ्या बरोबर होत्या. पण कोणाकडून काय घेतलं याची ती नुसती यादी होती. घेतल्यावर त्याचं इथे काय झालं, हे कुठेच नव्हतं. सगळ्यात जास्त वह्यांत मला हीच चूक सापडते.

त्याच तक्त्यातली एक ओळ घेऊ: 'कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती – जपान'. अमेरिकेच्या घटनेत याच जागी 'कायद्याची उचित प्रक्रिया' आहे, म्हणजे मुळात तो कायदा न्याय्य आहे का, हेही न्यायालय तपासू शकतं. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव 1947 मध्ये अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले. निवडून न आलेल्या न्यायाधीशांच्या हाती इतका अधिकार देऊ नये, असं फ्रँकफर्टर यांचं मत पडलं, आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या आपल्या कलम 21 मध्ये 'उचित प्रक्रिया' आली नाही. 1950 च्या गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलमाचा अर्थ अगदी आखडता घेतला: कायद्यात लिहिलेली पद्धत पाळली की पुरे. 1978 च्या मनेका गांधी खटल्यात मात्र कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीच हवी, असं सांगितलं. कलमाचा एक शब्दही न बदलता आपण अमेरिकेच्या बरेच जवळ गेलो. तक्त्यात 'जपान' लिहून थांबणाऱ्याच्या हातून ही सगळी वाटचाल निसटते. म्हणून प्रत्येक कलमापुढे निदान एक खटला आणि त्याचं साल लिहायची सवय लावा.

दुसरी चूक काळाची. अमेरिकेची 1787 ची घटना आणि आजचा भारत शेजारी मांडले की उत्तर फसतं. तिथले सिनेटर 1913 पर्यंत राज्यांची विधिमंडळं निवडत. राष्ट्राध्यक्षाला दोनदाच निवडून येता येईल, ही अट घटनेत आली 1951 मध्ये, रूझवेल्ट चार वेळा निवडून आल्यानंतर. दुरुस्त्यांचा आकडाही असाच दिशाभूल करतो. अमेरिकेच्या 27, आपली 2023 ची महिला आरक्षणाची दुरुस्ती 106 वी. म्हणून आपली घटना कच्ची, असं मुलं लिहून टाकतात. तिथे दुरुस्तीला तीन चतुर्थांश राज्यांची संमती लागते. आपल्याकडे बहुतेक कलमं संसदेच्या विशेष बहुमताने बदलतात. आधी दुरुस्तीची पद्धत मांडा, मग आकडे.

ब्रिटनची घटना 'अलिखित' म्हणू नका. 1689 चा हक्कांचा कायदा, 1911 चा संसद कायदा लिखितच आहेत. ते एका दस्तऐवजात बांधलेले नाहीत, इतकंच.

पदाच्या नावावरही जाऊ नका. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने ते कलम 74 मध्ये स्पष्ट लिहिलं गेलं. फ्रान्समध्ये 1962 पासून राष्ट्राध्यक्ष थेट जनता निवडते, म्हणून तो सर्वशक्तिमान असं धरून चालतात. पण 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष मितराँ यांच्या विरोधकांना संसदेत बहुमत मिळालं, शिराक पंतप्रधान झाले आणि देशांतर्गत कारभाराची सूत्रं त्यांच्याकडे गेली. घटना तीच होती. फ्रान्सवर लिहिताना संसदेत बहुमत कोणाचं, हे आधी बघा.

आणि मला सर्वांत जास्त खटकणारी चूक: कलमामागची जखमच न सांगणं. जर्मनीत नवा चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, निवडल्याशिवाय जुन्याला अविश्वासाने हटवता येत नाही. हिटलरच्या आधीच्या वायमार प्रजासत्ताकाच्या काळात सरकारं पाडायला विरोधक एकत्र येत, चालवायला मात्र येत नसत. ते सोसून 1949 मध्ये ही तरतूद आली.

आपल्याला तर एवढ्या लांब जायलाही नको. "पंचवटीतल्या काळाराम मंदिरासमोर काय झालं होतं?" मी विचारलं. "सत्याग्रह. 1930," तो लगेच म्हणाला. 2 मार्च 1930 पासून बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांच्या बळावर अनेक वर्षं चाललेला तो लढा इथल्या प्रत्येक मुलाला माहीत असतो. उत्तरपत्रिकेत मात्र अस्पृश्यता नष्ट करणारं कलम 17 कोरडंच येतं. "मॅडम, उसनवारीच्या तक्त्यात कलम 17 कुठे बसवू?" कुठेच बसत नाही, कारण ते इथल्याच मातीतून आलं आहे.

मग त्याने तक्ता बाजूला ठेवून नवं पान घेतलं. कलम 17 समोर अमेरिकेची 1865 ची 13 वी दुरुस्ती लिहिली, गुलामगिरी संपवणारी. खाली त्याचं एक वाक्य: या दोन्ही तरतुदी फक्त सरकारला नाही, तर शेजाऱ्यालाही बांधतात.