छोट्या संस्थेच्या सर्व्हरचा बॅकअप : या चुका टाळा

पतसंस्था, शाळा, सीएचं ऑफिस, कुठूनही फोन आला तरी पहिला प्रश्न ठरलेला : "बॅकअपला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?" मी उलट विचारतो, उद्या सकाळी सर्व्हर सुरूच झाला नाही तर काउंटर किती वाजेपर्यंत उघडायला हवा? किती दिवसांच्या नोंदी पुन्हा हाताने भरायची तयारी आहे? एवढं ठरलं की निम्मी निवड झालीच. पण तेवढा धीर कुणाला नसतो. पेनड्राइव्ह लावला, रात्रीचं टास्क लावलं, की काम झालं म्हणतात.

एका पतसंस्थेत असंच चाललं होतं. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर सोमवार ते रविवार नावाच्या सात झिप फायली. सर्व्हरची डिस्क गेली त्या सकाळी कॅशियरबाईंनी तो माझ्या हातात ठेवला. "सर, रोजचा आहे बघा." तारखा बरोबर होत्या. पण सातही फायलींचा आकार सारखा, ४ जीबी. रोज व्यवहार होणाऱ्या संस्थेत सात दिवसांच्या फायली किलोबाइटपर्यंत सारख्या कशा असतील? माझ्या पोटात गोळाच आला. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. डेटा वाढत गेला आणि फाइल रोज तिथेच तुटत राहिली. एकही झिप उघडली नाही. ऑडिटसाठी काढलेली जुनी प्रत सापडली म्हणून निभावलं, पण पुढच्या साडेचार महिन्यांच्या नोंदी व्हाउचरं काढून, रविवारी बसून भराव्या लागल्या.

तेव्हापासून माझा नेम आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी एका जुन्या संगणकावर बॅकअप रिस्टोअर करायचा, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा तक्ता) काढायची आणि आदल्या दिवशीच्या छापील तेरजेशी पैशापर्यंत जुळवायची. दोन तास जातात, ते जाऊ द्यावेत. "बॅकअप यशस्वी" या संदेशावर विसंबू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीच्या मुख्य डेटाबेसचा डेटा चुकून पुसला गेला, तेव्हा रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्यामुळे बंद पडलेला निघाला. तसं कळवणाऱ्या ईमेलसुद्धा पोचत नव्हत्या. साधारण सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, होती म्हणून ते वाचले.

रेड, म्हणजे तोच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर लिहायची सोय, हा बॅकअप नव्हे. एक डिस्क गेली तर रेड सांभाळून घेतं, पण चुकून पुसलेला फोल्डर दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो. सिंक होणाऱ्या क्लाउड फोल्डरचंही तेच.

चालू डेटाबेसच्या फायली कॉपी-पेस्ट करू नका. डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर असेल तर त्याची स्वतःची बॅकअप आज्ञा वापरा. मोफत एक्सप्रेस आवृत्तीत वेळापत्रक लावायची सोय नसते, त्यासाठी विंडोजचं टास्क शेड्युलर लागतं.

एकच बाहेरची डिस्क कायम जोडून ठेवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जोडलेल्या डिस्कसुद्धा कुलूपबंद केल्या होत्या. मी दोन डिस्क आलटून पालटून वापरतो. एक लावलेली, दुसरी संस्थेबाहेर. त्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या कपाटात ठेवली तर पुरात सर्व्हरबरोबर तीही जाते. २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

क्लाउड जरूर घ्या, पण आधी गणित करा. ५०० जीबी डेटा २० एमबीपीएसच्या लाइनवर चढायला जवळजवळ ५६ तास लागतात, आणि लाइन तेवढीच असेल तर उतरवायलाही तितकेच. म्हणून कालची प्रत जवळच्या डिस्कवर हवीच. बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो त्याच सर्व्हरवरच्या नोटपॅडमध्ये ठेवू नका. मी कागदावर लिहून पाकीट बंद करतो आणि अध्यक्षांच्या घरी देऊन येतो.