चार मिनिटांचा पाठ: गणिताचे छोटे व्हिडिओ करताना

माझा पहिला व्हिडिओ बावीस मिनिटांचा झाला होता. दशांश अपूर्णांकांचं सगळं प्रकरण त्यात बसवलं होतं. मुलांनी तो शेवटपर्यंत पाहिला, आवडला असंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ०.३५ आणि ०.४ लिहून मोठी संख्या कोणती ते विचारलं, तर निम्म्याहून जास्त हात ०.३५ साठी वर आले. का? ‘पस्तीस चारापेक्षा मोठे ना!’

व्हिडिओ पुन्हा ऐकला आणि मूळ सापडलं. मी सगळीकडे ‘शून्य पॉइंट पस्तीस’ म्हणत होते. दशांश चिन्हापुढचे अंक सुटे वाचायचे, ‘तीन पाच’, हे ठाऊक असूनही बोलण्याच्या ओघात राहून गेलं. वर्गात अशी चूक कुणाच्या तरी शंकेमुळे लगेच सुधारता येते. रेकॉर्ड केलेला पाठ मात्र ती प्रत्येक मुलाला पुन्हा पुन्हा ऐकवत राहतो.

नवा पाठ तेवढ्याच एका गोष्टीवर केला. शंभर चौकटींचा चौरस, त्यात दहा उभ्या पट्ट्या. एक पट्टी म्हणजे एक दशांश, एक चौकट म्हणजे एक शतांश. ०.४ साठी चार पट्ट्या रंगवल्या; ०.३५ साठी तीन पट्ट्या आणि वर पाच चौकटी. मग प्रश्न विचारला आणि पंधरा सेकंद काहीच बोलले नाही. ही शांतता नव्या माणसाला फार लांब वाटते, कापून टाकावीशी वाटते. कापू नका. मूल पेन्सिल उचलतं ते तिथेच. पाठ चार मिनिटांत संपला.

म्हणून पाठाचा विषय अनुक्रमणिकेतून घेण्याऐवजी मुलांच्या वह्यांतल्या चुकांतून घ्या. १/२ + १/३ = २/५ हा एक पाठ. −३ − ५ = २ हा दुसरा. एका पाठात एकच अडलेली जागा.

लांबीबद्दल नेहमी विचारलं जातं. २०१४ साली संशोधक फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांत व्हिडिओ पाहण्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. ते शिकणारे मोठे होते आणि आपणहून आलेले. शाळकरी मुलांसाठी मी चार मिनिटंच धरते. तयार स्लाइडपेक्षा हाताने लिहीत, काढत समजावलेलं लोक जास्त वेळ पाहतात, हेही त्यातच दिसलं. माझाही अनुभव तोच. आकृती डोळ्यांदेखत तयार झाली की आधी काय, मग काय, ते मुलांना कळतं.

साधनांवर फार खर्च करू नका. वहीवर रोखून घट्ट बसवलेला फोन आणि जाड पेन पुरतं. उजव्या हाताने लिहीत असाल तर उजेड डावीकडून घ्या, नाहीतर हाताची सावली नेमकी आकड्यांवर पडते. भूमितीसाठी जिओजेब्रा हे आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर वापरा. शाळेसाठी मोफत आहे. पण त्रिकोणाचे कोन पूर्णांकात दाखवायला लावलेत तर तिन्हींची बेरीज कधी १७९, कधी १८१ दिसेल. मुलं ते हमखास पकडतात. तेव्हा घाईने झाकू नका, आकडे जवळच्या पूर्णांकात कसे धरले जातात ते तिथेच दाखवा.

त्या चौकटींच्या पाठानंतर वह्या तपासताना एकीने ०.५ आणि ०.५० दोन्ही रंगवलेले दिसले. खाली लिहिलं होतं, ‘दोन्हीत पन्नासच चौकटी. मग शेवटचं शून्य कशाला?’ पुढचा पाठ तिच्या प्रश्नावर केला.