गावी कायमचं राहायला यायचंय? मग आधी जुलैत या

मे महिन्यात कोकणातलं कुठलंही गाव राहण्याजोगं वाटतं. घरं उघडलेली, आंबे उतरलेले, मुंबईची पोरं दर्यावर, रात्री अंगणात पत्ते. त्या भरात निर्णय घेऊ नका. जुलैत आठ दिवस रजा काढा आणि त्याच वाडीत येऊन राहा. वीस घरांच्या वाडीत पाच-सहा दरवाजे उघडे दिसतील. लाइट गेली की कधी येते, वस्तीची एसटी आत येते की फाट्यावरूनच परत फिरते, पाखाडीवर (दगडी पायवाटेवर) झाड पडलं तर कोयता घेऊन कोण धावतं, हे सगळं त्या आठ दिवसांत कळतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणजे खाडीत गळाला लागेल ते आणि घरात सुकवून ठेवलेलं ते. आमची काकी अजून आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, सुकट, बोंबील, तांदूळ, मसाला, सरपण सगळं भरून ठेवते. दुकान आहे की जवळ, असं म्हटलं तर म्हणते, “दुकान हाय, पन दुकानापातूर रस्ता हाय काय?”

मी जहाजावर मोटरमन, म्हणजे इंजिन रूममधला कामगार, होतो. आता दाभोळ खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात, बाराही महिने राहतो. नात्यातली आणि गावाच्या मुंबई मंडळातली पोरं फोन करतात, “काका, गावी येऊन काय धंदा करता येईल?” धंदा सगळ्यात शेवटी. त्याच्या आधी पाणी, जमीन आणि माणसं, याच क्रमाने बघायचं.

पाण्यासाठी मात्र मे महिन्यातच या, शेवटच्या आठवड्यात. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट बघावी लागते. जांभा दगड पाणी पितो आणि उतारावरून खाडीला देऊन टाकतो. म्हणून पावसाळ्यात काठोकाठ भरलेली विहीर दाखवून कोणी जागा विकत असेल तर हसून निघून जा. मेअखेर विहिरीत किती फूट पाणी उरतं ते दोरी टाकून बघा आणि चाखूनही बघा. खाडीकाठच्या विहिरी उपसा वाढला की मचूळ होतात, आणि मचूळ पाण्यावर भाजीही धड होत नाही. दिवाळीनंतर गावातली माणसं वहाळावर (ओढ्यावर) कच्चा बंधारा घालतात का, हेही विचारा. घालत असतील तर त्या गावात अजून चार माणसं एकत्र येतात, असं समजायला हरकत नाही.

आता जमीन. इथे जरा थांबतो, कारण परतणाऱ्यांपैकी बहुतेक जण इथेच अडकतात.

‘आमची गावी जमीन आहे’ असं म्हणणाऱ्याने आधी महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) काढावा. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, त्यांच्या तीन भावांची नावं, त्यातल्या दोघांचे वारस लागलेले, एकाचे नाहीत, एक चुलत आत्या बडोद्याला. जमीन सामाईक, पण वहिवाट मात्र वेगवेगळी, आणि ती कागदावर कुठेच नाही. सामाईक जमिनीत तुम्ही कलमं लावलीत तर पाच वर्षं कोणी काही बोलत नाही. सहाव्या वर्षी मोहोर आला की सगळ्यांना गाव आठवतं. तेव्हा खड्डे मारायच्या आधी वारस नोंदी पूर्ण करा आणि सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घ्या. गणपतीत सगळे गावी असतात, सह्या तेव्हाच घ्या. आरतीनंतर, भजनाच्या आधी.

बहिणींकडून, आत्यांकडून हक्कसोड पत्र (आपला हिस्सा सोडल्याचा कागद) गोळा करत फिरायची एक वाईट खोड आपल्याकडे आहे. ती टाळा. माझ्या या मताला एक कारण आहे, ते सांगतो.

इंजिन रूममध्ये माझ्याबरोबर बरीच वर्षं एक इंडोनेशियन होता. पश्चिम सुमात्राच्या किनाऱ्यावरचा, पादांगच्या दक्षिणेला पेसिसिर सलातान म्हणून जिल्हा आहे तिथला, जातीने मिनांगकाबाऊ. त्याचं गाव ऐकलं की मला वाटायचं हा आमच्याच खाडीबद्दल बोलतोय. पुढे समुद्र, मागे लगेच डोंगर, मधल्या पट्टीत भात आणि माड. रात्री दिवे लावून उथळ पाण्यात मासे धरायचे. तरुण झाला की पोराने बाहेर पडायचं, ही तिथली जुनी रीत; कोणी जकार्तात कापड विकतो, कोणी पादांगी जेवणाची खानावळ काढतो. त्या खानावळी इंडोनेशियाच्या शहराशहरात आहेत. ईदला गावकरी ठरवून, गाड्यांचा ताफा करून, एकत्र गावी जातात आणि मशिदीला, शाळेला वर्गणी देतात. आपले चाकरमानी आणि मुंबई मंडळं आठवल्याशिवाय राहत नाहीत. (आमच्या मंडळाचा पैसा सभामंडपाला कमी पडत नाही, पाखाडीला पडतो. असो.)

फरक एकाच जागी होता. त्यांच्यात वडिलोपार्जित घर आणि जमीन आईकडून मुलीकडे जाते. पुरुष बाहेर, बाई घरात, आणि कागदही बाईच्या बाजूने. परत जाऊन शेतात काही करायचं म्हटलं तर त्याला बहिणीला आणि मामाला विचारावं लागे. तो त्यावर कुरकुरायचा. मी मात्र घरची आठवण काढायचो. आमच्याकडेही बाप्ये मुंबईला आणि जहाजावर, शेत ओढलं ते आई-काकूंनी. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, आणि जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली होती. सिंधुदुर्गातही माणसं कमीच झाली. म्हणजे गाव चालवलं बायकांनी आणि सातबारा राहिला बाप्यांच्या नावावर.

याचा तुमच्या परतण्याशी थेट संबंध आहे. कुठल्या खाचरात पाणी साठतं, कोणता फणस कापा (घट्ट गऱ्याचा), कोणत्या हद्दीवरचा गडगा कोणी सरकवला, हे त्या काकूंना माहीत असतं, त्यांच्या मुंबईतल्या मुलाला नाही. जमीन कसायला घेताना आधी त्यांना विचारा आणि कागदावर त्यांचं नाव येईल असं बघा. लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्याला लागतं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्रात तो १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून. जी बहीण सासरहून येऊन आईचं घर बघते, तिच्याकडून हक्कसोड मागायला जाल तर कागद मिळेल, माणूस जाईल, आणि गावात टिकायला माणूसच लागतो.

घर समुद्राला लागून असेल तर दुरुस्तीच्या पलीकडे काही करण्याआधी सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचा, नकाशा बघा. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटर हा विकास-निषिद्ध पट्टा आहे; स्थानिकांच्या घरांना थोडी सवलत आहे. दलाल हे सांगणार नाही.

एवढं पार पडलं की मग धंदा. एका धंद्यावर इथे कोणी जगत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. थोडं भात, थोडी कलमं, थोडं आगर (माडा-पोफळीची बाग), घरात एक पेन्शन किंवा एक पगार, अशी गोधडी शिवावी लागते.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी झाड एक वर्ष देतं आणि एक वर्ष रुसतं. वर थंडी उशिरा, थ्रिप्सची कीड, अवकाळी, आणि हंगामभर राखणीला ठेवलेल्या नेपाळ्यांचा पगार. तुमची कलमं शंभरापेक्षा कमी असतील तर फवारणीपासून पेटीपर्यंतचा हिशोब एखाद्या जुन्या बागायतदाराच्या वहीतून बघा, यूट्यूबवरून नको. वानर आणि डुकरं या हिशोबात धरा. आमच्या वाडीत नाचणी आणि वरी बंद झाली ती यांच्यामुळे, पावसामुळे नव्हे.

पाणी बाराही महिने असेल तर मी आगराच्या बाजूने आहे. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे, तिथे ‘लाखी बाग’ प्रत्यक्ष बघायला मिळते. माड साडेसात मीटरवर, मधल्या जागेत जायफळ आणि दालचिनी, माडाच्या खोडावर मिरवेल. रोपं घ्यायला जाल तेव्हा जायफळाची कलमंच मागा. बियांपासून केलेल्या रोपात नर कोणता आणि मादी कोणती हे फूल येईपर्यंत कळत नाही, आणि तोवर सहा-सात वर्षं गेलेली असतात. विद्यापीठाच्या कोकण सुगंधा, कोकण स्वाद या जाती आहेत. दालचिनीत कोकण तेज. जायफळ मुळात इंडोनेशियाच्या बांदा बेटांवरचं. तिथे ते उंच कनारीच्या सावलीत वाढतं, इथे माडाच्या. सावली मिळाली की ते रमतं. पहिल्या चार-पाच वर्षांत मात्र त्या बागेतून केळी, आणि माड आधीचे असतील तर नारळ, सोडून फार काही हाती लागत नाही, तेव्हा तोवरच्या खर्चाची तजवीज करूनच या.

कोकमाचं मला जास्त पटतं, कारण झाड आधीच उभं आहे. रतांबे (कोकमाची फळं) पिकतात एप्रिल-मेत आणि नेमका तेव्हाच वळीव येतो, त्यामुळे कितीतरी माल झाडाखाली सडून जातो. आमसूल करायचं तर सालं मीठ आणि रसात भिजवून पुन्हा पुन्हा उन्हात घालावी लागतात. चार दिवस ऊन गेलं की बुरशी. एक चांगला ड्रायर आणि रतांबे काढायला झाडावर चढणारा माणूस, या दोन गोष्टी जमल्या की बाकी आगळ (कोकमाचा खारवलेला रस), सरबत घरच्या बायका तुम्हाला शिकवतील. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवलेलं आहे; योजना अजून चालू आहे का ते आधी विचारा. पण ते कर्जाला जोडलेलं असतं. अनुदानासाठी कर्ज काढू नका, कर्ज लागणारच असेल तर अनुदान बघा.

होमस्टेचं वेड सगळ्यांना आहे. मंडणगड तालुक्यातलं वेळास बघून या. तिथे २००२ पासून कासवांची अंडी राखायला लागले आणि मग पिल्लं बघायला येणारी माणसं गावकऱ्यांच्या घरात उतरू लागली. पण गर्दी असते ती फेब्रुवारी-मार्च-एप्रिलच्या शनिवार-रविवारी. उरलेलं वर्ष त्या घरांना दुसरं काही करावंच लागतं. तुमच्या गावात बघायला काय आहे ते नंतर. आधी घरात पाहुण्याला रोज ताजी भाकरी घालायला कोण आहे आणि तिला त्याचे पैसे तिच्या हातात मिळणार का, ते ठरवा.

एक काम मात्र घरबसल्या आजच करा: गावाचा पैसा बघा. आपल्याकडे २०१५ पासून, चौदाव्या वित्त आयोगापासून, ग्रामपंचायतीला थेट निधी येऊ लागला. योगायोग असा की इंडोनेशियातही २०१४ चा गाव-कायदा झाल्यावर २०१५ पासूनच सुमारे पाऊण लाख गावांना सरकारी निधी थेट द्यायला सुरुवात झाली. तिथे गावाचा वर्षाचा जमाखर्च मोठ्या फलकावर छापून रस्त्याकडेला लावतात. माझ्या सोबत्याने त्याच्या गावच्या फलकाचा फोटो मोबाइलवर दाखवला होता. एका बाजूला जमा, एका बाजूला खर्च, मधोमध हसणारा गावप्रमुख. पैसे कुठे गेले यावर त्यांच्याकडेही भांडणं होतात, पण निदान आकडा समोर असतो. आपल्याकडे तेच ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर आहे. गावाचं नाव टाका, आराखड्यात कोणती कामं मंजूर आहेत आणि कशावर खर्च पडला ते बघा. पाखाडी, नळपाणी, वहाळावरचा साकव (छोटा पूल) यातलं काहीच नसेल आणि दरवर्षी पेव्हर ब्लॉकच असतील, तर गावात विचारणारं कोणी उरलेलं नाही असं समजा.

बाकीचं भराभर. शाळेचा पट विचारा; वीसच्या आत असेल तर तुमच्या मुलाच्या शिक्षणाचा मार्ग तालुक्याच्या गावी जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का ते स्वतः जाऊन विचारा, कारण सड्यावर (कातळाच्या पठारावर) फुरसं हा विषारी साप असतो आणि गवत कापायच्या दिवसांत चावतो. मोबाइलची रेंज घराच्या पडवीत उभं राहून बघा, देवळाच्या चौथऱ्यावर नको. घराचं छप्पर वादळाच्या हिशोबाने बांधून घ्या. २०२० च्या निसर्गमध्ये दापोली-मंडणगडकडे पत्रे उडाले आणि माडांच्या बागा आडव्या झाल्या, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं.

मुंबईची खोली पहिली तीन वर्षं विकू नका, भाड्याने द्या. मतदारयादीतलं नाव मात्र लगेच हलवा, फॉर्म ८ भरून. ग्रामसभेत बसायचा हक्क गावच्या यादीत नाव असलेल्यालाच आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास सभा लागते. पहिल्या सभेला जाताना ई-ग्रामस्वराजवरचा कागद छापून खिशात ठेवा, आणि बसायला जागा काकूंच्या बाजूला घ्या.