रोजच्या सरावातून फोटो काढून टाका

चित्रकलेची इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा झालेली आहे, जलरंगाचा सपाट वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा एकसारखा थर, मारता येतो, हे धरूनच लिहितोय. साहित्यात एकच सांगतो: कागद जाड, 300 जीएसएमचा घ्या आणि त्याचे पोस्टकार्डाएवढे तुकडे करा. पाऊण तास झाला की उठा. रोज पूर्ण चित्राचा हट्ट धरला की आठवड्यातच खंड पडतो, आणि पडलेला खंड भरून काढणं फार जड जातं. मला अजूनही जातं.

आता मुख्य गोष्ट. मोबाइलवरच्या फोटोवरून रोजचा सराव करू नका. मी बराच काळ तेच केलं. दिवसभर नोकरी, रात्री ट्यूबलाइटखाली दौलताबादच्या तटाचा फोटो समोर. हात सफाईदार झाला, चित्रं मात्र निर्जीव. सावल्या काळ्याठिक्कर यायच्या आणि कारण कळत नव्हतं.

कारण आपलं ऊन. चैतात अकरा वाजता चुन्याची भिंत आणि तिच्यावर पडलेली कडुलिंबाची सावली यांच्या उजेडात इतका फरक असतो की कॅमेऱ्याला दोन्ही एकदम बऱ्याचदा पेलत नाहीत. भिंत सांभाळली तर सावली काळी, सावली उजळवली तर भिंत पांढरीफटक. नवे मोबाइल दोन्ही ओढून सारखं करतात, मग उन्हाचा तडाखाच जातो. तुम्ही स्वतः त्या सावलीकडे टक लावून बघा. आभाळाचा निळा तिच्यात उतरलेला असतो, आणि जमिनीजवळ तांबूस झाक येते, कारण तापलेल्या मातीवरून उजेड उसळून भिंतीवर पडतो. फोटो गिरवताना यातलं फारसं काही हाती लागत नाही. कॅमेऱ्यानं ठरवलेलंच आपण पुन्हा रंगवतो.

जलरंगात ट्यूबमधला काळा मी वापरतच नाही. अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळा. निळा वाढवला की सावली थंड, सिएना वाढवला की ऊबदार. चोवीस ट्यूबांचा संच लागत नाही. अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी आणि बाहेरून आणलेला लाजवर्द हा निळा दगड एवढ्यावर उभी आहेत.

'तीस दिवसांत वॉटरकलर'वाल्या क्लासांना पैसे देऊ नका, स्पष्ट सांगतो. तिथं सरांचं चित्र उतरवायला शिकवतात. त्यापेक्षा तुमचा कागद हातात घेऊन "उजेड कुठून येतोय?" एवढं विचारणारे शाळेतले चित्रकलेचे सर शंभरपटीनं बरे.

उन्हाळ्यात वॉश बघता बघता वाळतो आणि कडा उमटतात. हात खराब म्हणून नाही, हवा कोरडी म्हणून. सकाळी सातच्या आत बसा, कागद मागूनही ओला करा. श्रावणात उलट, वाळतच नाही. तेव्हा पेन्सिलीनं काढा, तोही सरावच.

विषय शोधत फिरू नका. माळवदाची घरं, कडब्याची गंज, आठवडी बाजारातली पालं, काहीही चालेल. पण महिनाभर एकच जागा धरा आणि चित्रामागे तारखेसोबत वेळ लिहा. सकाळची सावली आणि तिसऱ्या प्रहरची सावली शेजारी ठेवल्यावर जे कळतं ते सांगून कळत नाही. चौकात बसलं की माणसं जमतात. मुलींना तर एकटीनं बसणं नकोसंच होतं. मग गच्चीवरून काढा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढा. समोरच्या भिंतीवरची सावली तिथूनही सरकताना दिसते.