मूकपट लावण्याआधी प्रत पारखावी
हॉलिवूडचे मूकपट हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर, बहुधा सेकंदाला 24 पेक्षा कमी चौकटींच्या (फ्रेम्सच्या) वेगाने टिपले जात. पुढे बोलपटांमुळे 24 चौकटींचा वेग रूढ झाला आणि त्या वेगाने दाखवलेल्या जुन्या फितींतली माणसे उगाच तुरुतुरु पळू लागली (विनोदी पटांत थोडी घाई मुद्दामही केलेली असे). म्हणून सापडेल ती प्रत न लावता वेग सुधारलेली प्रत शोधावी. रात्रीचे प्रसंग अनेकदा दिवसाउजेडी चित्रित करून फीत निळ्या रंगात रंगवली जाई. तो रंग गमावलेल्या प्रतीत कंदील घेऊन उन्हात फिरणारी पात्रे विचित्रच वाटतात. सुरुवात मूकपटांतले विनोदवीर बस्टर कीटनच्या 1928 च्या ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’ने करावी, त्यातल्या वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनच्या अंगावर कोसळते आणि तो नेमका खिडकीच्या पोकळीत सापडून वाचतो. भिंत खरीच पाडलेली असल्याने हा प्रसंग तरी मोबाइलवर पाहू नये.