वर्गातला वायरलेस माईक : या चुका टाळा

घसा बसतो म्हणून शिक्षक माईक घेतात आणि पंधरा दिवसांत तो कपाटात जातो. 'शिट्टी मारतो', 'खरखरतो', 'मुलांना कळतच नाही' अशा तक्रारी ऐकून मी यंत्र हातात घेतो, तेव्हा बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत असतं. माईक चुकीच्या जागी असतो.

हेडसेटची दांडी गालाजवळ, नाही तर हनुवटीखाली लोंबत असते. तोंड आणि माईक यांतलं अंतर दुप्पट झालं की माईकपर्यंत पोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. ३ सेंटीमीटरवरचा माईक १२ सेंटीमीटरवर गेला, तर १२ डेसिबल गेले. मग आपण व्हॉल्यूम वाढवतो. त्याबरोबर पंखा आणि बाहेरचे हॉर्नही वाढतात, आणि शिट्टी सुरू होते. माईक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर, जरा बाजूला ठेवा. अगदी तोंडासमोर आला तर 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा धपका बसतो. कॉलर माईकवर शिकवताना मान फळ्याकडे वळली की आवाज गायब होतो, म्हणून लिहिता लिहिता बोलणाऱ्यांनी हेडसेटच घ्यावा.

आता शिट्टी. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर येतो आणि हे चक्र चालूच राहतं. स्पीकर फळ्यावर, म्हणजे शिक्षकांच्या पाठीमागे टांगला की ही शिट्टी आपण बोलावूनच घेतो. तो शिक्षकांच्या पुढे, तोंड मुलांकडे करून, बसलेल्या मुलांच्या डोक्यांच्या वर लावा. रिकाम्या वर्गात शिट्टी लागेपर्यंत व्हॉल्यूम वाढवा, मग थोडा मागे घ्या आणि तिथे खूण करा. हातातला माईक जाळीवर मूठ आवळून धरू नका, त्यानेही शिट्टी लागते. कमरेच्या पट्ट्याचा छोटा स्पीकर तर माईकपासून हातभरावरच असतो. साठ मुलांच्या वर्गात त्याच्याकडून फार अपेक्षा करू नका.

काही वर्गांत आवाज भरपूर असतो, पण शब्द कळत नाहीत. उघड्या भिंती, फरशी आणि वर पत्रा, म्हणजे आवाज घुमतो आणि 'सात' की 'साठ' हे शेवटच्या बाकावर ठरत नाही. इथे व्हॉल्यूम वाढवून उपयोग नाही. बास, म्हणजे आवाजातला जाड, घुमणारा भाग, कमी करा, स्पीकर मुलांच्या जवळ आणा, मागच्या भिंतीवर कापडी फलक किंवा जाड पडदा लावा. अमेरिकेतल्या वर्गखोल्यांच्या ध्वनिमानकात साधारण आकाराच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमण्याचा काळ ०.६ सेकंदापर्यंतच असावा, असं म्हटलं आहे. पत्र्यावर मुसळधार पाऊस कोसळत असेल तेव्हा मात्र माईक ठेवा आणि फळ्यावर लिहा.

एकाच मॉडेलचे चार सेट घेतले आणि तुमचा इतिहास शेजारच्या वर्गात वाजू लागला? सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर आहेत. चॅनेल बदलता येणारा सेटच घ्या आणि प्रत्येक सेटवर वर्गाचं नाव व चॅनेल चिकटवा. २.४ गिगाहर्ट्झचे सेट वाय-फायच्याच पट्ट्यात चालतात, आणि मध्ये माणसाचं अंग आलं तरी सिग्नल तुटतो. म्हणून रिसीव्हर, म्हणजे माईकचा सिग्नल पकडणारा भाग, कपाटामागे न ठेवता शिक्षक दिसतील असा उंचावर ठेवा. साधा ब्लूटूथ स्पीकर या कामाचा नाही. आपलाच आवाज उशिरा ऐकू येतो आणि जीभ अडखळते.

तासाच्या शेवटी आवाज तुटायला लागला तर आधी सेल पाहा. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नका. मे महिन्याच्या सुट्टीआधी सेल काढून ठेवा. आतच बसवलेली लिथियम बॅटरी अर्धी भरलेली ठेवावी.

एक चूक मात्र मला सगळ्यांत जास्त लागते. माईक बंद न करता शिक्षक एखाद्या मुलाला बाकाजवळ जाऊन हळूच विचारतात, 'फी का राहिली?' आणि ते अख्खा वर्ग ऐकतो. बाकाकडे वळण्याआधी बोट म्यूटच्या बटणावर गेलंच पाहिजे, इतकी ती सवय व्हावी.

वर्गात श्रवणयंत्र वापरणारं मूल असेल तर स्पीकर लावून त्याचं काम झालं, असं धरू नका. शिक्षकांचा आवाज थेट त्याच्या यंत्रात पोचवणारा वेगळा माईक मिळतो. कोणता चालेल ते पालकांना आणि त्याच्या ऑडिओलॉजिस्टना, म्हणजे श्रवणतज्ज्ञांना, विचारा, आणि तो माईकही तोंडाजवळच लावा.