चेहऱ्याची आग होऊ लागल्यावर त्वचेची निगा कमी कशी करावी

चेहऱ्याला साधे पाणीही झोंबू लागते, रोजचेच मॉइश्चरायझर लावताच गालांची आग होते, नाकाच्या कडेने पापुद्रे सुटतात आणि त्वचा एकाच वेळी तेलकट दिसते व ओढल्यासारखीही वाटते. अशी अवस्था झाली की बहुतेक जण त्वचा शांत करणारे म्हणून आणखी एखादे सीरम विकत आणतात आणि बिघाड तेथूनच वाढत जातो. ज्या चेहऱ्यावर आधीच सहा-सात द्रव्ये रोज लावली जात आहेत, त्याला सातव्या-आठव्या द्रव्याची नव्हे, तर वजाबाकीची गरज असते. ही वजाबाकी कोणत्या क्रमाने करावी, ते येथे सांगितले आहे.

त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदाहूनही पातळ असतो. त्यातील मृत पेशी विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले हा त्यांच्यामधला चुना असतो. या थराचा सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, तर अंघोळीच्या नेहमीच्या साबणाचा ९ ते १० असतो. साबण, खरखरीत स्क्रब, ग्लायकॉलिक किंवा सॅलिसिलिक आम्ल आणि रेटिनॉल (जीवनसत्त्व अ चे एक रूप) यांचा मारा एकाच आठवड्यात झाला, तर हा चुना झिजतो, आतले पाणी उडून जाऊ लागते आणि बाहेरचे द्रव्य आत शिरून झोंबते. त्यामुळे कालपर्यंत मानवणारे मॉइश्चरायझर आज झोंबले, तर दोष त्या मॉइश्चरायझरचाच असेल असे नाही.

आधी सगळे बाहेर काढून पाहावे

चेहऱ्याला लागणारी प्रत्येक वस्तू टेबलावर मांडावी आणि ती केव्हा वापरायला घेतली, ते आठवेल तसे कागदावर लिहावे. फेसवॉश आणि सीरम कुणाच्याही लक्षात राहतात. केसांचे तेल, डोकेदुखीचा बाम, हेअर डाय, दाढीनंतरची तुरटी आणि टिकली मात्र विसरली जाते. पुरळ कोठे उठले आहे, यावरूनही बरेच कळते. कपाळाच्या मधोमध नेमका गोल चट्टा असेल तर टिकलीच्या मागच्या डिंकाचा संशय घ्यावा. केसांच्या कडेने आणि कानांमागे खाज असेल तर डायचा घ्यावा. फक्त पापण्याच सुजत असतील, तर कारण कित्येकदा नेलपॉलिश असते, कारण हाताच्या बोटांची कातडी जाड असल्याने तेथे काही होत नाही, पण तीच बोटे दिवसभर डोळ्यांना लागत असतात. अ‍ॅलर्जीची खाज द्रव्य लावल्यावर लगेच न येता बहुधा एक ते तीन दिवसांनी येते. म्हणून केवळ आज सकाळचे नव्हे, तर परवाचेही आठवावे.

मलमाच्या नळीवरील बारीक अक्षरे वाचावीत

ही पायरी कोणीही वगळू नये. गोरेपणासाठी, वांगासाठी किंवा मुरुमांसाठी म्हणून औषधाच्या दुकानातून, मैत्रिणीच्या किंवा पार्लरच्या सल्ल्याने आणलेल्या मलमात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते स्टेरॉइड आहे. सुरुवातीचे काही आठवडे चेहरा उजळ आणि तुकतुकीत दिसतो, त्यामुळे मलमावर विश्वास बसतो. पुढे मात्र त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे उठतात आणि मलम एक दिवस चुकले तरी चेहरा लाल होऊन पेटल्यासारखा होतो, म्हणून माणूस पुन्हा तीच नळी हातात घेतो. आपल्याकडे हा प्रकार इतका वाढला होता की २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. तरीही जुनी चिठ्ठी दाखवून किंवा चिठ्ठीशिवायच ती मिळतात, हे कोणाला ठाऊक नाही?

असे मलम महिनोन्‌महिने लावले जात असेल, तर खाली दिलेला क्रम आपला आपण सुरू करू नये. ते एकदम थांबवल्यास त्वचा मोठ्या प्रमाणात भडकते, त्यामुळे ते कसे कमी करायचे हे त्वचारोगतज्ज्ञांनीच ठरवावे लागते. नावच न छापलेल्या डबीतले क्रीम असेल, तर ती डबी सोबत न्यावी. मुरुमांसाठी किंवा अन्य विकारासाठी डॉक्टरांनी दिलेले औषधही त्यांना विचारूनच थांबवावे.

ओठ किंवा चेहरा वेगाने सुजू लागला, श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. पाण्याचे फोड, पू, ताप किंवा डोळ्यातच दुखणे असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कडेला लाल व मध्ये कोरडी, गोलाकार पसरत जाणारी खाज बऱ्याचदा नायट्याची असते. तिच्यावर केवळ मॉइश्चरायझर चोळत बसण्यात अर्थ नाही.

काय थांबवावे

उरलेल्यांपैकी आम्ले, रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, बेंझॉइल पेरॉक्साइड, टोनर, स्क्रब, साल काढणारे मास्क, चेहरा घासण्याचे ब्रश, ब्लीच, थ्रेडिंग आणि फेशियल हे सगळे एकाच दिवशी थांबवावे. एकेक करून सोडण्याचा मोह होतो, परंतु त्यामुळे दोन महिने जातात आणि गुन्हेगार तर सापडत नाहीच. नियासिनमाइड (जीवनसत्त्व बी३ चे एक रूप) सौम्य मानले जाते, तरी १० टक्क्यांचे सीरम चिडलेल्या चेहऱ्याला सोसत नाही. तेही बाजूला ठेवावे. पुरुषांनी शक्य असेल तर आठवडाभर दाढी करू नये आणि आफ्टरशेव्ह तर लावूच नये.

घरगुती उपायांनाही हाच नियम लागू आहे, आणि येथे बऱ्याच वाचकांशी माझे पटणार नाही. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास असतो, म्हणजे बाटलीतल्या कित्येक आम्लांहून तो तीव्र असतो. खाण्याचा सोडा उलट दिशेने अल्कधर्मी असतो. बेसन किंवा उटणे चोळणे म्हणजे घर्षणच, मुलतानी माती आहे तेवढेही तेल शोषून घेते आणि कोरफडीचे पान कापल्यावर येणारा पिवळा चीक त्वचेला चांगलाच झोंबतो. हळदीचीही अ‍ॅलर्जी असू शकते. ही द्रव्ये धडधाकट त्वचेवर कोणी वापरत असेल तर त्याला माझी हरकत नाही, मात्र सोललेल्या त्वचेवर ती नकोत.

काय ठेवावे

धुणे, ओलावा टिकवणे आणि ऊन टाळणे, एवढीच तीन कामे उरतात.

सकाळी चेहरा फक्त कोमट पाण्याने धुवावा. संध्याकाळी सुगंध नसलेला, कमी फेस येणारा, साबणविरहित क्लेन्झर बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट फिरवून धुऊन टाकावा आणि टॉवेलने न घासता टिपून घ्यावे. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्यात साबणाचा साका तयार होऊन तो त्वचेवर राहतो, म्हणून तसे पाणी असणाऱ्या घरांत निदान चेहऱ्यापुरता तरी साबण टाळावा. शेवटचा हबका पिण्याच्या पाण्याचा मारता आला, तर उत्तम.

त्वचा जराशी ओली असतानाच मॉइश्चरायझर लावावे. वेष्टनावर ग्लिसरीन, सिरॅमाइड, डायमेथिकोन किंवा पेट्रोलॅटम असावे. युरिया, लॅक्टिक आम्ल आणि वनस्पतींची सुगंधी तेले नसावीत. ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नये, कारण लव्हेंडर किंवा टी ट्रीचे तेल नैसर्गिकच असते आणि अ‍ॅलर्जीही देते. फार सुटलेल्या पापुद्र्यांवर रात्री पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर द्यावा. कोकणात टाचांच्या भेगांना कोकमतेल लावतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे: वरून झाकण घालायचे आणि आतले पाणी आतच ठेवायचे. मुरुमे येणाऱ्यांनी मात्र जेली कोरड्या चट्ट्यापुरतीच लावावी.

सनस्क्रीन सोडून देण्याची चूक पुष्कळ जण करतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत दाह झाला की त्याच्या जागी काळसर डाग उरतो आणि ऊन तो डाग गडद करते. झिंक ऑक्साइडचे, किमान एसपीएफ ३० असलेले सनस्क्रीन सहसा कमी झोंबते. थोडी पांढुरकी झाक सहन करावी. तेही झोंबत असेल, तर काही दिवस टोपी, छत्री आणि सावली यांवर भागवावे. पुण्या-नाशकात दुचाकीवर चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळण्याची पद्धत आहे, ती उन्हाच्या दृष्टीने चांगली आहे. पण घामाने भिजलेला आणि चार दिवस न धुतलेला स्कार्फ तासभर गालावर घासला जात असेल, तर चेहरा बरा होणे अवघडच. तो सुती असावा, रोज धुवावा आणि डिटर्जंट निघेपर्यंत दोनदा खळबळावा. उशीच्या अभ्र्यालाही हेच लागू आहे.

चार आठवडे काहीच न करणे

हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आणि म्हणूनच सर्वांत अवघड आहे. आग बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होते, पण प्रौढ माणसाच्या त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, आणि वय वाढेल तसे अधिक. आग थांबली म्हणून दहाव्या दिवशी पुन्हा सीरम लावले, की गाडी पहिल्या ठिकाणी येते. या काळात एखाद-दुसरा मुरूम येईल, काळे डाग तसेच दिसतील. त्यांच्यासाठी वेगळे काही लावू नये. पापुद्रे नखाने काढू नयेत. रोज आरशाजवळ जाऊन तपासण्याऐवजी आठवड्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढावा. दोन आठवड्यांनंतरही तसूभर फरक नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. गरज वाटल्यास ते पाठीवर पट्ट्या लावून कशाची अ‍ॅलर्जी आहे ते शोधतात.

परत सुरू करताना

एका वेळी एकच वस्तू परत आणावी. आधी ती कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहावी. तेथे काही झाले नाही, तर चेहऱ्यावर आठवड्यातून दोन रात्री, मॉइश्चरायझरच्या थरावर लावावी. रेटिनॉल आणि आम्ल एकाच रात्री कधीही नको, आणि गरोदर असल्यास किंवा तसा विचार असल्यास रेटिनॉल मुळीच नको. कोणती बाटली आधी, हे ठरवताना जिच्यामुळे खरोखर फरक पडला होता तिला पहिला मान द्यावा. ती का घेतली होती हेच आठवत नसेल, तर ती परत आणण्याची घाई नाही. दरम्यान तपकिरी पडलेले व्हिटॅमिन सीचे सीरम केराच्या टोपलीत टाकावे आणि उरलेल्यांच्या झाकणावर उघडल्याची तारीख लिहावी. पहिल्या वस्तूचे दोन आठवडे निर्वेध गेले, तरच दुसरीचे झाकण उघडावे.